उलटा उभा केलेला प्राणी



विज्ञान सारखं मत बदलतं, मग त्यावर विसंबायचं कसं, असा प्रश्न हल्ली शिकलेली माणसंही विचारतात. उत्तरादाखल मी बोटाच्या पेराएवढा एक जीवाश्म पुढे करतो. तो आपल्या मंठ्यात सापडायचा नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा प्राणी समुद्रतळावर वावरला सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वी. कॅनडाच्या बर्जेस शेल खडकात तो मिळाला आणि 1911 मध्ये संशोधक वॉलकॉट यांनी त्याला समुद्री वलयी कृमींत बसवलं. 1977 मध्ये कॉनवे मॉरिस यांनी त्याला हॅल्युसिजेनिया हे नवं नाव दिलं, पण उभा केला उलटा! पाठीवरचे काटे त्यांना पाय वाटले. 1991 मध्ये चीनमधल्या जीवाश्मांच्या आधारे तो सुलटा झाला. तरी डोकं कुठलं हा घोळ राहिलाच. डोकं समजला गेलेला काळा डाग म्हणजे शरीर दबताना मागून बाहेर पडलेला द्रव, हे 2015 मध्ये कळलं; डोळे निघाले दुसऱ्या टोकाला.

इतक्यांदा चुकलेल्यांचं ऐकायचं का? ऐकायचं, कारण दर दुरुस्तीत आधीचे काटे, पाय, डाग सगळे हिशेबात राहिले आणि वर नवा पुरावा जमा झाला. 2014 मध्ये स्मिथ आणि ऑर्टेगा-हर्नांडेझ यांनी त्याच्या पायांची नखं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती एकात एक बसवलेल्या वाट्यांसारखी थरांची होती. आजच्या मखमली किड्याची नखं अशीच असतात, जबडेही. हा किडा आपल्या अरुणाचलातल्या सियांग खोऱ्यात आजही आहे. 1911-12 च्या अबोर मोहिमेत तो तिथे प्रथम हाती लागला. नखांच्या या साम्यावर कुणी म्हणेल, पंख पक्ष्याला आहेत आणि वटवाघळालाही, म्हणून ते सख्खे होत नाहीत. आक्षेप रास्त आहे. पण पक्ष्याचा पंख पिसांचा, वटवाघळाचा कातडीचा. तिथे साम्य वरवरचं आहे. इथे जुळते ती नखाची आतली घडण. तरीही एकट्या नखावर नातं ठरवलेलं नाही, इतर अनेक लक्षणंही ताडून पाहिली आहेत. माझ्या मते मखमली किड्यांचा हा दूरचा नातलग आता योग्य घरी आला आहे. उद्या एखादा नवा जीवाश्म निघाला, तर हॅल्युसिजेनियाची जागा पुन्हा तपासावी लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

बक्षीस समारंभ खोळंबला आहे, म्हणून विद्यार्थ्यांकडे एवढंच मागतो: प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये प्राण्याचा वर्ग लिहाल, तेव्हा तो कोणत्या लक्षणावरून ठरवला, हे खाली एका ओळीत लिहीत चला.