दिवाणखान्यातले वाघ आणि दाजीपूरचे गवे

(बीड जिल्ह्यातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या जिल्ह्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर आजही काळविटाची शिंगे दिसतात. कधीकाळी त्यांवर पागोटी टांगली जात. आता कोळिष्टके लोंबतात. आतल्या खोलीत सहाणेवर उगाळून झिजलेले सांबरशिंग सापडते, मुंजीसाठी जपलेला मृगाजिनाचा तुकडा सापडतो, आणि देवघरात शाळिग्राम असतो. गंडकीच्या पात्रातून आलेला हा शाळिग्राम वस्तुतः कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवाचा जीवाश्म आहे. हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, याची ती साक्ष. निसर्गातील वस्तू जपून ठेवणे ही काही केवळ साहेबांनी आणलेली हौस नव्हे. आपल्या घराघरांत त्या होत्या. त्या कुठून आल्या याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

हाच संग्रह मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर कोल्हापूरला जावे लागते. १८७७ ते १८८४ या काळात उभारलेल्या नव्या राजवाड्यात छत्रपती घराण्याचे संग्रहालय आहे. शस्त्रे, चित्रे, हत्तींचा साज यांच्याबरोबरच तेथे पेंढा भरलेले वाघ, बिबटे, अस्वले आणि गव्यांची भव्य मस्तके मांडलेली आहेत. बिबट्याच्या मणक्यांची काठी आहे, वाघाच्या कवटीचे रक्षापात्रही आहे. लहान मुले तेथे हरखून जातात. मोठी माणसे मात्र जरा गप्प होतात. संग्रहालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते शहाजी छत्रपती हे देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंह पवार. १९४७ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. शिकारीचा नाद दोन्ही घराण्यांत होता.

शिकारीचा हा इतिहास झाकून ठेवण्याचे कारण नाही. मोगल दरबाराने हजारोंनी चित्ते पाळले. तीच प्रथा पुढे हिंदू संस्थानिकांनीही चालवली. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा, टोपी काढायची आणि त्याला सोडायचे, अशी ती शिकार. परंतु पाळलेल्या चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे, आणि रान रिकामे होत गेले. विसाव्या शतकात देशी चित्ता मिळेनासा झाला, तेव्हा कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी आपल्या देशातील शेवटचे तीन चित्ते मारल्याचे मानले जाते. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडण्यात आले.

या कथेतील एका समाजाचा उल्लेख क्वचितच होतो. काळवीट कोणत्या वाटेने जाईल, फासा कोठे लावावा, हे ज्ञान फासेपारध्यांचे होते. इंग्रजी कायद्याने त्यांच्यावर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना काम दिले, निवारा दिला. स्वतः निष्णात शिकारी असलेल्या राजाला या माणसांची पारख होती, असेच म्हणावे लागेल. आपल्या मराठवाड्यातील पारधी वस्त्यांकडे पाहताना आजही ही पारख आपल्याजवळ कमीच आढळते.

मात्र कोल्हापूर घराण्याचा खरा मोठा संग्रह राजवाड्यात नाही. तो राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या जंगलात आहे. हे संस्थानाचे शिकारीसाठी राखलेले रान. राजाच्या हौसेसाठी का होईना, तेथे कुऱ्हाडीला मज्जाव राहिला. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र याच कोल्हापूरच्या गादीच्या काळातले, सुमारे १७१५ सालचे. रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली आंब्याफणसाची झाडे तिच्या संमतीविना तोडू नयेत, हा त्यातील दंडक प्रसिद्धच आहे. दाजीपूरच्या रानाचे राखणे निराळ्या हेतूने झाले, परंतु त्याचे फळ टिकले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि १९५८ साली या रानाचे गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य आकाराला आले; क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. शाहू महाराजांनी बांधावयास घेतलेल्या राधानगरी धरणाला याच डोंगरांतून पाणी येते. ज्यांची मस्तके राजवाड्याच्या भिंतीवर आहेत, त्या गव्यांचे वंशज त्या पाण्यावर येतात.

आता पुन्हा आपल्या ओसरीवरील शिंगांकडे वळू. अभ्यासकाच्या दृष्टीने शिंग वा कातडे यांची किंमत त्यांच्या सौंदर्यात नसते. कोणत्या गावच्या शिवारात आणि कोणत्या साली ते मिळाले, या चिठ्ठीत असते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह जगन्मान्य झाला तो अशा चिठ्ठ्यांमुळे. सालिम अलींनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. बीड तेव्हा त्याच संस्थानात होते. कोठे कोणता पक्षी होता, हे नव्वद वर्षांनंतरही सांगता येते. वाड्यातल्या काळविटाबद्दल मात्र घरातल्यांनाही काही सांगता येत नाही.

कायद्याची बाजूही जाणून घेतली पाहिजे, कारण अनेक सुशिक्षित कुटुंबे याबाबत गाफील आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूंची नोंद बंधनकारक केली. २००३ साली नोंदीसाठी १८० दिवसांची आणखी एक संधी देण्यात आली. मालकीचा दाखला असलेली वस्तूही विकता येत नाही. ती फक्त वारसाहक्काने पुढे जाते, आणि वारसाने ९० दिवसांच्या आत वनखात्याला तसे कळवावे लागते. २०२२ च्या दुरुस्तीने अशी वस्तू स्वेच्छेने वनखात्याच्या स्वाधीन करण्याची तरतूद झाली आहे. मोबदला मिळत नाही. जुने कातडे उगाच हाताळू नये, हेही सांगायला हवे. किडीपासून बचावासाठी पूर्वी त्यांना सोमल लावीत, आणि ते विष आजही त्यात असू शकते.

पाटोदा तालुक्यातील नायगावच्या टेकड्या १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य म्हणून राखल्या गेल्या. सुमारे तीस चौरस किलोमीटरांचे ते क्षेत्र आपले दाजीपूर आहे. तेथे जाऊन आल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारता येईल: ही शिंगे कुठली? ते जे सांगतील ते, गावाच्या नावासह आणि सालासह, कागदावर उतरवून घ्यावे. सांगणारी पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे.