खिंडारापलीकडची चाँदबिबी

बराकपूरच्या छावणीत २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. त्या एका दिवसापलीकडचा हा माणूस आज कुणाला फारसा ठाऊक नाही. अहमदनगरच्या चाँदबिबीचेही असेच झाले. फेब्रुवारी १५९६ मध्ये मोगलांच्या सुरुंगाने किल्ल्याच्या तटाला खिंडार पडले, सरदारांचा धीर सुटला, तेव्हा अंगात चिलखत, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार अशी ती तिथे येऊन उभी राहिली. रातोरात तट पुन्हा उभा राहिला. समकालीन फिरिश्ताने हे नोंदवले आहे आणि त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण खिंडारात उभी राहिलेली चाँदबिबी सर्वांना हवी असते आणि तहाला बसलेली नको असते, हे मला मान्य नाही. तिचे खरे राज्यकर्तेपण तहातच दिसते.

ती तिथवर कशी आली, हे आधी पाहू. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजयनगरविरुद्धच्या युतीसाठी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला गेला. १५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम बसला आणि त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या चाँदबिबीला सरदार किश्वरखानाने साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. तिथून ती परत आली. राजाचे वय लहान असले की सरदार काय करतात, हे अहमदनगरला येण्यापूर्वीच तिने भोगले होते. तिची आई खुंजा हुमायूननेही अल्पवयीन मुलगा मुर्तजाच्या वतीने राज्य केले होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची सचित्र पोथी आहे. तिच्यातल्या चित्रांत राजाशेजारी बसलेली ही राणी मागाहून पुसून टाकलेली दिसते. आईला चित्रातून पुसले, मुलीला मात्र हाती ससाणा देऊन घोड्यावर बसवले. पण ती चित्रे बहुतेक तिच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी काढलेली. नगरजवळच्या डोंगरावर ‘चाँदबिबीचा महाल’ म्हणून दाखवतात, ती तर सलाबतखानाची कबर आहे.

आता त्या तहावरचे आक्षेप. मोगलांना वऱ्हाड देऊन टाकले, तो विजय कसला? विजापूरचा सुहेलखान फौज घेऊन येत होता, थोडी कळ सोसायला काय हरकत होती? वऱ्हाड निजामशाहीचे वडिलोपार्जित नव्हते. १५७४ मध्ये इमादशाही बुडवून मुर्तजाने ते जिंकले होते. बावीस वर्षांपूर्वीची कमाई सोडून तिने राजधानी राखली आणि निजामशाहीचा तान्हा वारस बहादूर याच्या गादीला खुद्द मोगल शहजादा मुरादकडून मान्यता मिळवली. शिवाय शत्रू केवळ तटाबाहेर नव्हता. प्रत्येक गटाने आपापला वारस उभा केला होता आणि मुरादला बोलावणारा मियाँ मंजू निजामशाहीचाच वजीर होता. अशा घरात बाहेरच्या मदतीवर सगळा भार टाकणे हा जुगार ठरला असता. पुढच्याच वर्षी सोनपेठच्या लढाईत त्याच सुहेलखानाचा पराभव झाला, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि त्यापायीच तिचा जीव गेला. १६०० मध्ये मोगल शहजादा दानियालने वेढा घातला, तेव्हा किल्ला देऊन बहादूरसह जुन्नरला निघून जावे, असा तिचा विचार होता. खोजा जिताखानाने ‘बेगम मोगलांना मिळाली’ अशी आवई उठवली आणि जमावाने महालात शिरून तिला ठार मारले. ऑगस्टमध्ये किल्ला पडलाच. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तरीही कोणी म्हणेल, लढणे शक्य होते, निजामशाहीचा सरदार मलिक अंबर पुढे पाव शतक लढलाच ना? लढला, पण नगरच्या तटाआड बसून नव्हे. त्याने दुसऱ्या मुर्तजाला परांड्यात गादीवर बसवले, राजधानी जुन्नरला नेली आणि डोंगराच्या आसऱ्याने मोगलांना जेरीस आणले. किल्ला जाऊ द्यायचा, राजा वाचवायचा आणि जुन्नर गाठायचे, ही वाट चाँदबिबीने आधीच ओळखली होती. अंबरला त्या वाटेसाठी नवा राजा शोधावा लागला. चाँदबिबीजवळ तो होता.