दोन दप्तरे



आपल्या भाषेत 'दप्तर' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. कचेरीत रुमालांत बांधून ठेविलेल्या कागदांनाही आपण दप्तर म्हणतो आणि शाळेत निघालेल्या पोराच्या पाठीवरील पिशवीलाही दप्तरच म्हणतो. भटक्या-विमुक्तांच्या मुलांविषयी मला आज जे निवेदन करावयाचे आहे, ते एवढेच की, पहिल्या दप्तराने या मुलांच्या खांद्यावर दुसरे दप्तर टिकू दिलेले नाही.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला आणि पुढे १९११ साली ज्याची व्याप्ती वाढविली, त्या कायद्याने, कोणताही अपराध शाबीत होण्यापूर्वी, केवळ अमुक जमातीत जन्म झाला एवढ्या कारणावरून, माणसांची नावे नोंदवहीत चढविली, त्यांच्या बोटांचे ठसे घेतले, त्यांना हजेरी लावली आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती बसविल्या. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निराळे ठेवण्याची मुखत्यारी सरकारास दिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, आणि बेरड, कैकाडी, रामोशी, वडार, पारधी अशा अनेक जमाती कागदोपत्री 'विमुक्त' झाल्या.

परंतु आज महाराष्ट्रात या जमातींच्या मुलाला जातीचा दाखला हवा असेल, तर त्याच्या घराण्याचे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे या राज्यातील वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याच्या आज्याच्या नावे सातबारा आहे, त्याला असा पुरावा मिळविण्यास फारसे सायास पडत नाहीत. ज्याचा आजा त्या साली गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडत होता, त्याने तो कोठून आणावा? वयाच्या दाखल्यावाचून मुलाचा शाळाप्रवेश अडवू नये, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सांगितले आहे खरे. पण पुढे शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि राखीव जागा यांच्या दारांशी जातीचा दाखला आडवा येतो.

नुकत्याच दहावी उत्तीर्ण झालेल्या एका कैकाडी मुलाबरोबर आणि त्याच्या आजीबरोबर मी एकदा एका कचेरीत गेलो होतो. आजीने लुगड्याच्या पदराची गाठ सोडून, चार घड्यांनी झिजलेले रेशनकार्ड टेबलावर सारखे करून ठेविले. "तुमचे मालक कुठं जन्मले?" कारकुनाने विचारले. "मढीच्या जत्रंला जाताना, बाभळीखाली." "गावाचं नाव सांगा." "गाव कसलं, सायेब? वाट व्हती." कारकून कठोर नव्हता; पण त्याच्या रकान्यात वाट मावत नव्हती. अर्ज परत आला, आणि मुलाने तो मुकाट्याने आपल्या दप्तरात घातला.

श्रोतेहो, ज्या सरकारी दप्तराला एके काळी या लोकांच्या पावलापावलाची खबर होती, त्यानेच आज त्यांच्या नातवंडांकडे पूर्वजांच्या वास्तव्याचा पुरावा मागावा, हा न्याय नव्हे. शाबितीचा भार सरकारने आपल्या शिरावर घ्यावा. महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांनी पालांवर येऊन, वृद्धांच्या जबान्या घेऊन, तेथल्या तेथे चौकशी पुरी करावी. पोलिसांच्या आणि वसाहतींच्या जुन्या नोंदवह्या, जेथे जेथे शिल्लक असतील तेथे, सरकारनेच धुंडाळाव्यात, म्हणजे ज्या कागदांनी आज्याला कलंक लावला, ते निदान नातवाच्या उपयोगी पडतील. आणि आपल्यापैकी जे वकील आहेत, मुख्याध्यापक आहेत, महसुलात हयात घालवून निवृत्त झाले आहेत, त्यांनी अशा एका तरी मुलाचा अर्ज शेवटच्या सहीपर्यंत पोहोचवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या आजीने दिलेली साक्ष खरी होती. ज्या वाटेवर तिचा धनी जन्मला, ती वाट याच राज्याच्या मातीतली होती. एवढे लिहून घ्यावयास एक रकाना पुरे आहे.