चिठ्ठी मिळाल्यानंतर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मऊरानीपुर येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मी निवडलेला विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. मी वैद्य नव्हे, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या चाकरीत केस पिकलेला एक सामान्य गृहस्थ आहे. परंतु स्तनाचा कर्करोग हे शब्द आपल्या घरांत उच्चारले जात नाहीत, आणि त्या मौनाची किंमत माझ्या घराने मोजली आहे. ज्यांची ही हकीकत आहे त्या माझ्या वहिनी समोरच बसल्या आहेत. "नाव तेवढे घेऊ नका, बाकी सगळे सांगा," अशी त्यांची आज्ञा आहे.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत येथील एका शिबिरात परिचारिकेने वहिनींना तपासले. हाताला बोराएवढी गाठ लागली. 'पुढील तपासणीसाठी झाशीस जावे' अशी चिठ्ठी तिने दिली. गाठ वहिनींना दिवाळीपासूनच ठाऊक होती. परंतु दिराला सांगायचे कसे, या संकोचाने त्या गप्प होत्या. चिठ्ठी हाती आल्यावर मात्र त्यांनी सांगितले, आणि वर म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा मार्च आटोपू दे, मग पाहू." मी 'बरे' म्हटले. कचेरीत एकही कागद तीन दिवसांवर न ठेवणाऱ्या मी तो कागद तीन महिने खणात ठेवला.

एप्रिलमध्ये आम्ही निघालो. झाशी येथून अवघी ६०-६५ किलोमीटर. पण रोग्याच्या घराला ती वाट फार लांबते. पहिल्या खेपेस यंत्र बंद होते. दुसऱ्या खेपेस मॅमोग्राफी झाली, अहवालासाठी तिसरी खेप. मग सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याचे ठरले, तेव्हा आप्तांपैकी कोणी म्हणाले, "सुई लागली की गाठ पसरते." त्या भीतीत आणखी पंधरा दिवस गेले. निदान झाले तेव्हा रोग काखेतील गाठींपर्यंत पोहोचला होता. डॉक्टरांनी ती चिठ्ठी उलटून पाहिली आणि शांतपणे विचारले, "ही तर जानेवारीची आहे ना?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

पुढे पंजाब मेलने मुंबईच्या वाऱ्या झाल्या. शस्त्रक्रिया झाली, केस गेले, केस पुन्हा आले. वहिनी आज आपल्यात आहेत, ही ईश्वराची कृपा आणि वैद्यांचे कौशल्य. माझे कर्तृत्व त्यात काही नाही.

या निमित्ताने जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. हाताला लागलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. आपल्या परिचयातील एका तरुण भगिनीची गाठ तशीच निघाली. पण भीतीपोटी तपासणी टाळून तिने वर्षभर झोप गमावली होती. गाठ कोणती हे तीन पायऱ्यांनी ठरते: डॉक्टरांनी हाताने तपासणे, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि शंका राहिल्यास सुईची तपासणी. तरुण वयात स्तनाची घडण दाट असल्याने सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. सुईने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. उलट तिच्यावाचून नेमके औषध ठरवता येत नाही.

१९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून तेथील वस्त्यांत एक मोठा प्रयोग केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याहून तरुण स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. महागडे यंत्र नसतानाही बोटांनी हे साधले. परंतु बोटे केवळ सूचना देतात. पुढची पावले घरच्यांनी उचलावयाची असतात. तीच न उचलली, तर ती सूचना माझ्या खणातल्या कागदासारखी पडून राहते.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांसाठी अशा तपासणीची तरतूद आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधीतरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत एकही भरल्या नाहीत. झाशीत १९६८ पासूनचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे, वाराणसीत टाटांच्या परंपरेतील कर्करोग रुग्णालये उभी राहिली आहेत. आपल्या सोयीची ठिकाणे पूर्वीइतकी दूर राहिलेली नाहीत.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना मांडतो. आपण गणेशोत्सवाच्या वर्गणीची वही इतक्या काटेकोरपणे ठेवतो. तशीच एक वही महिला शाखेने ठेवावी. ज्या भगिनीला चिठ्ठी मिळाली, तिच्यासोबत झाशीला कोण जाणार, अहवाल कोणत्या तारखेला आणावयाचा, आणि तो आणला की नाही, एवढेच तीत लिहावे. नावे गुप्त राहावीत. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आजारपणात माहेर-सासर हाकेवर नसते. ती जागा मंडळाने भरावी, याहून सुवर्णमहोत्सवाचे सार्थक ते कोणते?

आणि पुरुषांना एकच विनंती. घरातील स्त्री "तुमचे काम आटोपू दे" असे म्हणेल. ती नेहमीच तसे म्हणते. त्या वेळी 'बरे' म्हणू नका.