शिष्यवृत्ति आणि घड्याळ



आजचा विषय दूरदेशचा आहे. परंतु वर्गांत उभें राहून ज्यानें आयुष्य घालविलें त्याला तो परका वाटत नाहीं. माझ्या हाताखालीं एक विद्यार्थी होता. भूमितीच्या सिद्धांतांतली माझी चूक तो फळ्यावर दाखवून देई. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत मात्र त्याचा अर्धा कागद कोरा! मी त्याला ‘घाई कर, घाई कर’ असें सांगत असें. त्याची आज खंत वाटते.

अमेरिकेंत १९२६ सालच्या जूनमध्यें सॅट ही परीक्षा प्रथम घेण्यांत आली. पुढें हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स ब्रायंट कोनंट यांनीं शिष्यवृत्तीचे उमेदवार निवडण्यासाठीं तीच कसोटी हातीं घेतली. नामांकित खासगी शाळांबाहेरचीं गुणी मुलें सांपडावींत, हा हेतु. हेतु थोर खरा. पण ज्याचें डोकें चालतें व हात अडतो, त्या मुलाचें काय?

बोडन महाविद्यालयानें १९६९ सालीं प्रवेशासाठीं या परीक्षेचे गुण ऐच्छिक केले. कॅलिफोर्निया विद्यापीठानें तर २०२१ पासून प्रवेशाला नव्हे, शिष्यवृत्तीलाहि ते पाहणें सोडलें. उलट मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेनें २०२२ सालीं ही अट पुन्हां घातली. लहान शाळेंतल्या मुलाला वरचे विषय शिकावयासच मिळत नाहींत, त्याला आपली योग्यता दाखविण्यास हीच एक वाट उरते, असें तिचें म्हणणें. तें अगदींच खोटें नाहीं. तरी मला वाटतें, निवड विद्यार्थ्याकडे असावी, आणि कांहीं तासांपेक्षां चार वर्षांच्या अभ्यासाला अधिक वजन असावें.

आपलीं मुलें-नातवंडें तिकडे शिकूं इच्छितात, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. प्रवेशास गुण ऐच्छिक, पण मोठ्या शिष्यवृत्तीस मात्र आवश्यक, अशींहि कांहीं महाविद्यालयें आहेत. अर्ज करण्यापूर्वीं हें पत्र पाठवून विचारावें, नाहींतर प्रवेश मिळतो आणि फी भरतां येत नाहीं. वाचनाची वा लेखनाची अडचण वैद्यकीय तपासणींत ठरली असेल, तर परीक्षेंत जादा वेळ मागतां येतो. तो बहुधा दीडपट मिळतो. मात्र अर्ज बराच आधीं करावा लागतो. त्यांत लाज कसली?

आणि आम्हां मास्तर मंडळींना एक विनंति. शिफारसपत्रांत ‘सुशील व कष्टाळू’ एवढें लिहून आपण मोकळे होतों. मींहि तसेंच करीत आलों. त्या मुलानें फळ्यावर आपली कोणती चूक दाखविली, तें लिहावें.