भंगारातील कातडी बैठक

मोटार भंगारात निघाली की तिचे अवयव चार दिशांना जातात. पत्रा एकीकडे, टायर दुसरीकडे, इंजिनाचे भाग तिसरीकडे. मुंबईत कुर्ल्यासारख्या ठिकाणी अशा सुट्या भागांचा मोठा व्यापार चालतो. तिथे महागड्या गाडीची कातडी बैठक नव्याच्या मानाने पुष्कळ स्वस्तात हाती लागू शकते. मळाने काळवंडलेली, रंग उडालेली, चालकाच्या बाजूची कड झिजलेली. अशी बैठक घ्यावी का, आणि घेतलीच तर थोड्या खर्चात तिला पुन्हा रूप कसे आणावे, हे आज आपण पाहू.

कातडे पाहण्याआधी बैठक उलटी करून पाहा. गाडी अपघातातली असेल तर सांगाडा वाकलेला किंवा सांधा तडकलेला असण्याचा संभव असतो. अशी बैठक फुकट मिळाली तरी घेऊ नका. वेळ आली म्हणजे तिच्यावर बसणाऱ्याचा जीव त्याच सांगाड्यावर अवलंबून असतो. दुसरे, पुराची खूण. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत किती गाड्या पाण्याखाली गेल्या, हे पुष्कळांना आठवत असेल. रुळांवर गंज, सांदीत गाळ आणि आतल्या फोमला कुबट वास, ही त्या बैठकीची ओळख. तिसरी गोष्ट एअरबॅगची. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत ती पाठीच्या कडेला दडवलेली असते, आणि फुगताना बाहेर पडता यावे म्हणून तिथली शिवण मुद्दाम कच्ची ठेवतात. ती शिवण जाड दोऱ्याने पुन्हा घालू नका; तिच्यावर भरणी नको, डिंक नको, खोळही नको. बैठकीखालच्या पिवळ्या जोडण्यांना जाणत्या मेकॅनिकखेरीज कोणी हात लावू नये.

आता कातड्याकडे वळू. आपल्याकडे कोल्हापुरी चप्पल कडक झाली की तिला तेल पाजण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. ते कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते; त्यावर रंगाचा लेप नसल्यामुळे ते तेल पिते. मोटारीच्या बैठकीचे कातडे मात्र बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा पातळ, लवचिक पापुद्रा चढवलेला असतो. खोबरेल चोळले तर ते आत मुरण्याऐवजी वरच राहते, धूळ धरते, आणि पुढे नवा रंग बसू देत नाही. बुटाच्या पॉलिशचेही तेच. पहिल्याच उन्हाळ्यात ते तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरेल!

यातली आनंदाची गोष्ट अशी, की ‘कातडं गेलं’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा गेलेला असतो तो फक्त वरचा पापुद्रा. खालचे कातडे धड असते. खात्रीसाठी एक थेंब पाणी टाका. थेंब वर उभा राहिला तर पापुद्रा शाबूत आहे. झिजलेल्या जागी तो लगेच मुरेल. पुष्कळ बैठकांत अंग टेकते तेवढाच भाग कातड्याचा आणि बाजू रेक्झिनच्या असतात, हेही पाहून ठेवा. मागची बाजू दिसत असेल तर कातड्याला तंतू दिसतात, रेक्झिनला कापड.

काम करताना पहिला आणि सर्वांत मोठा वाटा सफाईचा. सौम्य साबणाचा फेस, मऊ ब्रश आणि ओला, पण घट्ट पिळलेला फडका. धुण्याचा सोडा नको. क्रोमचे कातडे थोडे आम्लधर्मी असते, त्याला क्षार मानवत नाही. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका फिरवून तेलकटपणा काढा. मग ६०० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने फक्त खरबरीत जागी फिरवावा. फाटले असेल तर आतून कापडाचा तुकडा सरकवून लवचिक डिंकाने चिकटवा. बारीक भेगांत कातड्यासाठी मिळणारी भरणी पातळ थरांनी भरा. घरातल्या भिंतीची लांबी भरलीत तर ती पहिल्या बसण्यालाच तडकेल.

रंग शेवटी. तो पाण्यात मिसळणारा, कातड्यासाठीच बनवलेला असावा. स्पंजने अगदी पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा. एका जाड हातापेक्षा चार पातळ हात अधिक टिकतात. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा. आणि पैसे वाचवायचे असतील तर मूळ रंगाच्या जवळचाच रंग निवडा. काळ्याची मलईच्या रंगाची बैठक करायला निघालात तर रंग दुप्पट लागेल, आणि प्रत्येक ओरखड्यातून जुना काळा डोकावेल. शेवटी संरक्षक लेप द्या आणि निदान एक दिवस कोणी बसू नये. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा आणखी थांबा. मात्र वाळवण्याच्या घाईने बैठक कडक उन्हात ठेवू नका.

एक मर्यादा लक्षात असू द्या. दुमडताच जे कातडे मोडते, ज्याचा भुगा हाताला लागतो, ते संपले. त्याला कोणताही रंग जीव देणार नाही. त्या भागापुरते नवे कातडे कुशनवाल्याकडून बसवून घेणे हेच स्वस्त पडते. बाकी बैठकांना मात्र साबण, फडका आणि सुट्टीचे दोन दिवस द्या. एका जनावराचे कातडे आणि किती तरी हातांचे श्रम त्या बैठकीत आहेत. अजून काही वर्षे ती कामास येत असेल, तर तिला भंगारात का पडू द्यावे?