भौतिकोपचार विभाग : यंत्रांच्या यादीपलीकडे
(वार्षिक सभेतील निवेदन)



भौतिकोपचार विभागात कोणती यंत्रे आली, हे आपण दरवर्षी अहवालात वाचता. ती वापरणाऱ्या तज्ज्ञांविषयी मात्र आम्ही आजवर फारसे बोललो नाही. ती उणीव आज भरून काढत आहोत.

फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मालिश, असा समज निलंग्याच्या परिसरात अजूनही आढळतो. वाणिज्य शाखेतून आल्यामुळे सुरुवातीस आमचाही तोच होता. वस्तुतः मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विद्येचे शिक्षण सुरू झाले. बारावीनंतर पदवी, आंतरवासिता आणि पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर हाडे, सांधे व स्नायूंच्या विकारांचा तज्ज्ञ घडतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचा समावेश झाला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माळवदाची घरे कोसळली, त्या आपत्तीच्या खुणा आपला भाग विसरलेला नाही. मोडलेले हाड शल्यविशारद जुळवतात. परंतु आखडलेला सांधा मोकळा होण्यास आठवडे, प्रसंगी महिने लागतात. तेथे या तज्ज्ञांचे काम सुरू होते.

मनगट मोडलेल्या एक शेतमजूर भगिनी आपल्याकडे आल्या होत्या. हाड जुळले होते, पण मूठ मिटत नव्हती. भाकरी थापता येत नव्हती. दोन दिवस येऊन त्या थांबल्या. सोयाबीनची काढणी चालू होती. येथे येणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. आमच्या तज्ज्ञ ताईंनी दूरध्वनीवरून चौकशी केली, त्यांच्या सुनेला बोलावून घेतले आणि कोमट पाण्यात मूठ उघडमीट करणे, ओला पंचा पिळणे, पीठ मळणे असे व्यायाम शिकवले. तपासणी आठवड्यातून एकदाच ठेवली. भोगीच्या दिवशी त्या भगिनी स्वतः थापलेली, तीळ लावलेली बाजरीची भाकरी ताईंसाठी घेऊन आल्या. या उपचारात एकही यंत्र लागले नाही.

हिशेबात यंत्र मालमत्तेत दिसते, तज्ज्ञांचे वेतन खर्चात. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, वेतनावर लागत नाही. यंत्राचा मात्र दरवर्षी घसारा काढावा लागतो आणि तज्ज्ञाचा अनुभव वर्षागणिक वाढतो. तोच अनुभव अधिक वेतनावर पुण्या-मुंबईस जातो. यापूर्वीचे दोन तज्ज्ञ असेच गेले. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यानंतर काही महिने विभाग बंद राहिला आणि आपण दिलेली यंत्रे कापडाखाली झाकून होती.

म्हणून दात्यांना नम्र विनंती, की पुढील देणगी भौतिकोपचार तज्ज्ञांच्या वेतननिधीस द्यावी. नातेवाइकांनाही विनंती, की पहिल्या दिवशी घरातील एकाने रुग्णासोबत यावे आणि वेदना कमी झाली म्हणून व्यायाम सोडू देऊ नये.